भाई, भावा आणि अर्धविराम

संगणकाला आज्ञा देण्याच्या प्रत्येक भाषेत काही शब्द राखीव असतात. 'सी' भाषेच्या १९८९ सालच्या मानकात असे ३२ शब्द आहेत, 'गो' भाषेत २५, तर 'कोबोल'मध्ये तीनशेहून अधिक. राखीव शब्दाला दुसरे काम देता येत नाही. 'सी'मध्ये एखाद्या व्हेरिएबलचे नाव 'इफ' ठेवले, तर कंपायलर तो प्रोग्राम स्वीकारत नाही. हे शब्द आणि ते कोणत्या क्रमाने यावेत याचे नियम, एवढ्यातून भाषेचे बाहेरचे रूप घडते. हे रूप पाठ्यपुस्तकी इंग्रजीऐवजी नाक्यावरच्या किंवा इंटरनेटवरच्या बोलीतून घडवले, की विनोदी प्रोग्रामिंग भाषा तयार होते. तिच्या आतले यंत्र मात्र नेहमीचेच असते. कोराडो ब्यॉम आणि ज्युसेप्पे याकोपिनी या इटालियन संशोधकांनी १९६६ साली दाखवून दिले, की एकामागून एक आज्ञा, अट आणि पुनरावृत्ती या तीन रचना हाताशी असल्या की गणनाची कोणतीही कृती मांडता येते. त्यामुळे पंधरा-वीस राखीव शब्दांत पूर्ण भाषा उभी राहते, आणि ते शब्द कोणते असावेत हे रचनाकाराने ठरवायचे असते.

हे स्वातंत्र्य वापरायचे कसे, हा या विषयाचा गाभा आहे. इंग्रजी राखीव शब्दांची यादी समोर ठेवून प्रत्येकापुढे एक गमतीदार प्रतिशब्द लिहिणे सोपे आहे. अशी भाषा एकदा हसवते आणि मग कुणी तिच्याकडे वळून पाहत नाही. ज्या भाषा लक्षात राहिल्या, त्यांच्यात विनोदी शब्दाकडे व्याकरणातले एखादे काम सोपवलेले आढळते. तो शब्द काढून टाकला तर प्रोग्राम नुसता कोरडा होत नाही, तो चालतच नाही.

याचे पहिले ठळक उदाहरण १९७२ सालचे आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी 'इंटरकॅल' नावाची भाषा रचली. त्या काळातल्या प्रचलित भाषांशी तिचे शक्य तितके कमी साम्य असावे, हा त्यांचा हेतू होता. तिच्यात आज्ञेआधी 'प्लीज' लावता येते. साधारण पाचातल्या एका आज्ञेपेक्षा कमी ठिकाणी हा शब्द आला तर कंपायलर प्रोग्राम उद्धट ठरवून नाकारतो, आणि तिनातल्या एकापेक्षा जास्त ठिकाणी आला तर खुशामत समजून नाकारतो. 'प्लीज'मुळे गणितात काहीच बदलत नाही. प्रोग्राम चालणार की नाही, हे मात्र त्यावर ठरते. म्हणजे सौजन्याचे प्रमाण हाच तिथे व्याकरणाचा नियम झाला.

२००१ साली स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या 'शेक्सपिअर' भाषेत प्रोग्राम नाटकासारखा दिसतो. पात्रे हीच व्हेरिएबल्स. स्तुतीचे नाम आले तर अधिक एक, निंदेचे आले तर उणे एक, आणि नामाआधी लावलेले प्रत्येक विशेषण ती संख्या दुप्पट करते. इथे अलंकारिक बोलणे हेच संख्या लिहिण्याचे साधन आहे. याउलट अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या चित्रपटांतल्या वाक्यांवर बेतलेली २०१३ सालची 'अर्नोल्ड-सी', किंवा रजनीकांतच्या संवादांवरून केलेली 'रजिनी प्लस प्लस', यांत एकेका राखीव शब्दाच्या जागी एकेक अख्खा संवाद बसवलेला आहे. संवाद ओळखीचा असेल तर वाचकाला आनंद होतो. पण तो संवाद त्याच जागी का, याचे उत्तर भाषेच्या रचनेत सापडत नाही.

इंटरनेटच्या बोलीतून केलेली सर्वांत प्रसिद्ध भाषा म्हणजे 'लोलकोड'. लँकेस्टर विद्यापीठातले संशोधक ॲडम लिंडसे यांनी ती २००७ साली मांडली. त्याच वर्षीच्या जानेवारीत मांजरांची छायाचित्रे आणि त्यांखाली मोडक्या इंग्रजीतली वाक्ये देणारे 'आय कॅन हॅज चीझबर्गर' हे संकेतस्थळ सुरू झाले होते आणि ती बोली सर्वत्र पसरत होती. लोलकोडमधला प्रोग्राम 'हाय' म्हणून सुरू होतो आणि 'केथँक्सबाय' म्हणून संपतो. व्हेरिएबल घडवायचे तर 'आय हॅज अ', पडद्यावर दाखवायचे तर 'व्हिजिबल'. सत्याला 'विन', असत्याला 'फेल', आणि ज्यात काहीच मूल्य नाही त्याला 'नूब', म्हणजे नवखा.

या भाषेची अट लिहिण्याची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. नेहमीच्या भाषांत 'जर अमुक असेल तर' असे एकाच वाक्यात लिहितात. लोलकोडमध्ये आधी तुलना एक स्वतंत्र विधान म्हणून येते. तिचे उत्तर 'इट' नावाच्या अदृश्य व्हेरिएबलमध्ये आपोआप साठते. मग पुढच्या ओळीवर 'ओ रियली?' असा प्रश्न येतो, त्याखाली 'या रियली' आणि 'नो वे' अशा दोन शाखा, आणि शेवटी 'ओआयसी', म्हणजे 'असं होय', हा शब्द ती रचना बंद करतो. कुणीतरी काही बोलावे, ऐकणाऱ्याने 'खरंच?' म्हणावे, उत्तर मिळावे आणि ऐकणाऱ्याला ते पटावे, हा गप्पांचा घाट व्याकरणात जसाच्या तसा उतरला आहे. बंद करणारा शब्द सक्तीचा असल्यामुळे एक जुना तांत्रिक प्रश्नही सुटतो. एकात एक अशा दोन अटी आणि एकच 'नाहीतर' असेल, तर तो 'नाहीतर' कोणत्या अटीचा, हा संदेह अल्गोल भाषेच्या काळापासून रचनाकारांना सतावत आला आहे. 'ओआयसी' त्याला जागाच ठेवत नाही.

भारतातले सर्वाधिक गाजलेले उदाहरण २०२२ सालचे 'भाई लँग'. दोन तरुण भारतीय अभियंत्यांनी ती टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिली. तिची बोली म्हणजे मित्रामित्रांतली हिंदी, जी मुंबईच्या लोकलच्या डब्यातही ऐकू येते. प्रोग्राम 'हाय भाई' आणि 'बाय भाई' यांच्यामध्ये लिहायचा. त्याबाहेरचा मजकूर यंत्र विचारात घेत नाही. व्हेरिएबलसाठी 'भाई ये है', छापण्यासाठी 'बोल भाई', अटीसाठी 'अगर भाई', 'नहीं तो भाई' आणि 'वरना भाई', लूपसाठी 'जब तक भाई', लूप तोडायला 'बस कर भाई', पुढच्या फेरीला जायला 'अगला देख भाई'. सत्य आणि असत्य यांसाठी 'सही' आणि 'गलत', आणि रिकाम्या मूल्यासाठी 'नल्ला'. हा शेवटचा शब्द विशेष नेमका आहे. ज्याच्यापाशी काही नाही आणि ज्याच्याकडून काही होणार नाही अशा माणसाला 'नल्ला' म्हणतात, आणि रिकाम्या मूल्याचे वर्णन याहून अचूक करणे कठीण.

पण भाई लँगची खरी करामत 'भाई' या संबोधनात आहे. १९६० साली अल्गोलच्या रचनाकारांनी भाषेचे तीन स्तर वेगळे केले होते: संदर्भासाठीची भाषा, छापण्यासाठीची भाषा आणि प्रत्यक्ष यंत्रात भरण्यासाठीची भाषा. छापील पुस्तकात राखीव शब्द ठळक अक्षरांत असत. यंत्रात ठळक अक्षरे नव्हती, म्हणून ते अवतरणचिन्हांत घालत. अशी खूण केल्यामुळे तोच शब्द खुणेविना आला तर तो साधे नाव ठरे. भाई लँगमध्ये ही खूण 'भाई' करतो. 'बोल भाई' ही आज्ञा आहे, नुसते 'बोल' हे नाव म्हणून मोकळे राहते. 'अगर', 'वरना' यांचेही तसेच. रोजच्या बोलण्यातले शब्द राखून ठेवले की प्रोग्राम लिहिणाऱ्याला नावांचा तुटवडा पडतो. संबोधनाने तो तुटवडा दूर केला.

भाई लँगची उरलेली वाक्यरचना मात्र जावास्क्रिप्टची आहे. महिरपी कंस, गोल कंस, बरोबरचे चिन्ह आणि ओळीअखेरचा अर्धविराम जागच्या जागी आहेत. रोमन लिपीत लिहायच्या भाषेला हे चालते. देवनागरीत लिहायच्या मराठी भाषेला ते चालणार नाही, आणि याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. १९८६ साली ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी चौकटी व महिरपी कंसांच्या कळांवर ड, ढ, नुक्ता आणि ञ बसलेले आहेत. अर्धविरामाच्या कळेवर च आहे, अवतरणचिन्हाच्या कळेवर ट, आणि बरोबरच्या चिन्हाच्या कळेवर ऋकाराची खूण. म्हणजे जावास्क्रिप्टच्या घाटाची एक ओळ टंकताना तीन-चार वेळा कळफलक बदलावा लागेल. त्यामुळे मराठी भाषेत चिन्हांच्या जागी शब्द आणणे हा आवडीचा प्रश्न राहत नाही, ती गरजच होते. आणि बोलीतले शब्द इथेच कामाला येतात.

पहिला प्रश्न अर्धविरामाचा. मराठी बोलण्यात संबोधन वाक्याच्या शेवटी सहज येते: 'उद्या ये भावा', 'एवढं कर ताई'. म्हणून संबोधन हेच विधान संपल्याची खूण मानता येते. दुसरा प्रश्न क्रियापदाच्या जागेचा. 'सी'च्या कुळातल्या भाषांत आज्ञा आधी येते आणि जे करायचे ते नंतर. 'बोल भाई' हे हिंदीत त्या क्रमाशी जुळून गेले, कारण संभाषण सुरू करताना आपण तसेच बोलतो. मराठी वाक्यात कर्म आले की क्रियापद शेवटी जाते: 'वय सांग'. आधी मूल्ये आणि मग क्रिया हा क्रम संगणकाला परका नाही. चार्ल्स मूर यांनी १९७०च्या सुमारास घडवलेली 'फोर्थ' याच क्रमाने चालते, आणि जपानीत २००४ सालच्या 'नादेशिको' भाषेने क्रियापद शेवटी ठेवून शब्दांना जोडलेल्या अव्ययांवरून कोणते मूल्य कशासाठी हे ओळखले. जपानीप्रमाणे मराठीही क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा आहे, त्यामुळे हा मार्ग तिला इंग्रजीपेक्षा जवळचा.

या दोन निर्णयांतून मराठी बोलीतल्या भाषेचा एक छोटा नमुना असा मांडता येतो:

ऐक भावा
वय म्हणजे १७ भावा
जर वय १८ पेक्षा कमी तर
    "अजून मतदान नाही" सांग भावा
नायतर
    "यादीत नाव बघ" सांग भावा
एवढंच
भेटू भावा

यात भावा हा शब्द काढला तर पार्सर, म्हणजे वाक्याची रचना ओळखणारा यंत्राचा भाग, अडतो. 'वय' हा शब्द दिसल्यावर पुढे मूल्य द्यायचे आहे की ते छापायचे आहे, हे मराठी क्रमात लगेच कळत नाही. म्हणून यंत्राने संबोधन येईपर्यंत शब्द गोळा करायचे, मग त्यांत 'म्हणजे' आहे की शेवटी 'सांग' आहे ते पाहायचे आणि त्यावरून विधानाचा प्रकार ठरवायचा. संबोधन नसेल तर विधान कुठे संपते हेच समजणार नाही. विनोदी शब्द व्याकरणात रुजवणे ते हेच.

संबोधन कोणते, हे पहिल्या ओळीने ठरावे. 'ऐक ताई' म्हणून सुरुवात केली तर पुढच्या सर्व विधानांचा शेवट ताईने व्हावा. 'ऐका साहेब' म्हटले तर क्रियापदेही 'सांगा साहेब' अशी आदरार्थी आली पाहिजेत, आणि 'सांग साहेब' दिसताच यंत्राने हरकत घ्यावी. इंटरकॅलमधल्या 'प्लीज'चा हिशेब रचनाकारांनी मनाने ठरवलेला होता. मराठीत आदराचा मेळ भाषेच्या व्याकरणातच आहे, फक्त तो तपासायचा. असे केल्याने आणखी एक उणीव भरून निघते. केवळ 'भाई' किंवा 'भावा' असलेल्या भाषेत प्रोग्रामर पुरुषच आणि यंत्रही पुरुषच, असे गृहीत धरले जाते. मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत निम्मी बाके मुलींची असतील, तर त्यांना आपल्या बोलीत लिहिता आले पाहिजे. शेवटची ओळ 'निघतो भावा' अशी न ठेवता 'भेटू भावा' ठेवली, तीही याच कारणाने: 'भेटू' म्हणताना लिंग सांगावे लागत नाही.

'नायतर' या शब्दाची निवड बोलीचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दाखवते. प्रमाण मराठीत 'नाहीतर' जोडून लिहिला तर त्याचा अर्थ 'अन्यथा'. तोच तोडून 'नाही तर' लिहिला तर 'जर पाऊस नाही तर चालत जा' या वाक्यातल्यासारखा अर्थ होतो: 'नाही' हा नकार आणि 'तर' ही अटीची दुसरी बाजू. दोघांमधला फरक एका रिकाम्या जागेचा आहे, आणि लिहिणारे ती जागा कधी सोडतात, कधी सोडत नाहीत. यंत्राने 'नाही तर' कसे वाचावे? सर्वांत लांब जुळणारा शब्द आधी घ्यावा, हा लेक्सरचा, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाचा, नेहमीचा नियम इथे चुकीचा निकाल देईल. बोलीतले 'नायतर' हे रूप घेतले की प्रश्न मिटतो, कारण ते तोडून कुणी लिहीत नाही. याउलट 'हाय' हा शब्द लोलकोड आणि भाई लँग दोन्हींमध्ये सुरुवातीला असला, तरी मराठीत तो टाळावा. ग्रामीण बोलींत 'हाय' म्हणजे 'आहे'. पुढे समानतेसाठी तो लागला तर दोन अर्थ एका शब्दावर येतील.

मूल्य देण्यासाठीही एकाऐवजी दोन शब्द हवेत. लोलकोडमध्ये पहिल्यांदा मूल्य देण्याचा शब्द वेगळा आणि नंतर बदलण्याचा वेगळा आहे. मराठीत पहिल्यासाठी 'म्हणजे' आणि बदलण्यासाठी 'आता' घेता येईल: 'आकडा आता आकडा अधिक १ भावा'. शाळेतले बीजगणित शिकलेल्या मुलाला 'क बरोबर क अधिक १' हे खोटे समीकरण वाटते, आणि पहिल्या काही तासिकांत तो तिथेच अडखळतो. 'आता' या शब्दात काळ आहे, म्हणून तोच मुलगा ही ओळ न अडखळता वाचतो. लूपसाठी 'जोवर' आणि 'तोवर' ही जोडी, 'जर' आणि 'तर' यांच्यासारखीच, अट कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कंसांविना सांगते. जोडीने येणारे असे शब्द मराठीत भरपूर आहेत आणि रचनाकाराला ते आयते मिळतात.

शब्द सोपे असण्याचा शिकणाऱ्यावर काय परिणाम होतो, हे तपासले गेले आहे. अँड्रियास स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांनी २०११ आणि २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नवशिक्यांना वेगवेगळ्या भाषांत छोटे प्रोग्राम लिहायला दिले होते. एका भाषेतली चिन्हे मुद्दाम यादृच्छिकपणे निवडलेली होती. पर्ल भाषा वापरणाऱ्या नवशिक्यांची अचूकता या यादृच्छिक भाषेपेक्षा ठळकपणे चांगली निघाली नाही. पुनरावृत्तीसाठी सर्वत्र रूढ असलेला 'फॉर' हा शब्दही अननुभवी लोकांना अर्थवाही वाटला नाही. म्हणजे जगातले राखीव शब्द इंग्रजी आहेत म्हणून ते इंग्रजी जाणणाऱ्यांनाही सोपे आहेत, असे नाही. विनोदी भाषेच्या निमित्ताने शब्दांची निवड नव्याने करून पाहणे हा म्हणूनच शिक्षणाचाही प्रयोग ठरतो.

मराठीत सर्वांत अवघड जागा विभक्तीची. 'वय १८ पेक्षा कमी' यात संख्या आहे, म्हणून 'पेक्षा' सुटा चालतो. तिथे व्हेरिएबल आले की मराठी 'मर्यादेपेक्षा' म्हणते. नावाचे सामान्यरूप होते आणि प्रत्यय चिकटतो. यंत्राला 'मर्यादा' आणि 'मर्यादे' हे दोन वेगळे शब्द वाटतील. सामान्यरूप ओळखणारा विश्लेषक बसवता येतो, पण घोडा-घोड्या, पाणी-पाण्या, सून-सुने अशा सर्व रूपांचे नियम त्यात घालावे लागतील आणि तरी अपवाद उरतील. लहान भाषेला ते झेपणारे नाही. संयोगचिन्ह देऊन 'मर्यादा-पेक्षा' लिहिणे हा सरळ मार्ग आहे, आणि संयोगचिन्ह इन्स्क्रिप्टवर जागच्या जागी मिळते. कानाला ते थोडे खटकते, पण संदेह राहत नाही, आणि संदेहापेक्षा खटकणे परवडले.

लिपीच्या अडचणी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून अधिक त्रास देतात. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त करून, किंवा साध्या र च्या हलन्तानंतर जोडणारे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात, आणि युनिकोडचे ठरावीक प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीचे लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि अजून कित्येक तसेच लिहितात. हीही दोन रूपे प्रमाणीकरणाने जुळत नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये शब्दाची सीमा ओळखण्याचे नेहमीचे साधन रोमन अक्षरे आणि अंकांपुरतेच काम करते. देवनागरी शब्दासमोर ते निकामी ठरते. भाषा घडवणाऱ्याने प्रोग्राम वाचण्याआधी ही रूपे एक करणारा लहानसा टप्पा ठेवलाच पाहिजे. राखीव शब्दांत ऱ्हस्वदीर्घाची चूकही माफ असावी. 'आणि'चे 'आणी' झाले म्हणून प्रोग्राम थांबवणे शिकणाऱ्याला हाकलण्यासारखे आहे. नावांच्या बाबतीत मात्र ही सूट देऊ नये, नाहीतर 'दिन' आणि 'दीन' एकच होतील.

आता शब्दांच्या जातकुळीविषयी. वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीतल्या प्रशासकीय इमारतीत राज्याच्या भाषा संचालनालयाचे कार्यालय आहे. १९६० साली स्थापन झालेल्या या संचालनालयाने शासनव्यवहारासाठी आणि शास्त्रांसाठी परिभाषा घडवली. १९६२ साली निघालेल्या 'पदनाम कोशा'ला आचार्य अत्रे यांनी 'बदनाम कोश' म्हटले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. कोशातले संस्कृतप्रचुर शब्द लोकांच्या तोंडी बसणार नाहीत, ही ती तक्रार होती. आज कार्यालयांच्या पाट्या तीच परिभाषा वागवतात आणि कुणाला ती परकी वाटत नाही. परिभाषा घडवणारी समिती आणि विनोदी भाषा घडवणारा विद्यार्थी यांची कसोटी एकच आहे: एका शब्दाला एकच अर्थ, आणि तो शब्द वाचताच अर्थ उमगावा. फरक शब्द आणण्याच्या ठिकाणात आहे. 'रँडम'साठी परिभाषेत 'यादृच्छिक' आहे, आणि व्याख्यानात किंवा ग्रंथात तोच योग्य. मुंबईच्या बोलीत 'मटका' आहे. चिठ्ठी काढून आकडा जाहीर करण्याचा तो जुगार शहराच्या स्मृतीत इतका पक्का आहे, की 'आकडा म्हणजे मटका भावा' या ओळीचा अर्थ समजावावा लागत नाही. लूप तोडण्यासाठी 'कल्टी', म्हणजे हळूच निसटणे, हाही तसाच नेमका शब्द.

सगळी बोली मात्र घेण्यासारखी नसते. मुंबईच्या नाक्यावरच्या भाषेत प्रांतांवरून, जातींवरून, धर्मांवरून आणि स्त्रियांवरून हिणवणारे शब्द मुबलक आहेत. एखाद्या प्रोग्राममध्ये राखीव शब्द शेकडो वेळा येतो; अपमान असा शेकडो वेळा लिहायला लावणारी भाषा घडवू नये. ज्या शब्दाने समोरच्या माणसाला कमी लेखले जाते तो हसवतो की नाही, हा प्रश्नच गैरलागू आहे.

शब्दांच्या आयुष्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. लोलकोडमधली कित्येक वाक्ये आजच्या वीस वर्षांच्या मुलाला समजावून सांगावी लागतात, कारण मांजरांच्या छायाचित्रांची ती लाट ओसरली. 'कल्टी', 'झोल', 'राडा' हे शब्द मात्र मुंबईत कित्येक दशके टिकून आहेत. राखीव शब्द बदलला की जुने प्रोग्राम बंद पडतात. म्हणून टिकाऊ शब्द व्याकरणात ठेवावेत आणि चालू हंगामाचे शब्द यंत्राच्या संदेशांत. संदेश केव्हाही बदलले तरी कुणाचे काही मोडत नाही. कोल्हापूरचा 'नाद खुळा' प्रोग्राम यशस्वी झाल्यावर दाखवावा, पुण्यात किंवा नागपुरात तो वेगळा असू शकतो.

चूक दाखवणारा संदेश लिहिताना आधी माहिती, मग गंमत, हा क्रम सोडू नये. 'ओळ ७: शेवटी भावा नाही. कुणाशी बोलणं चाललंय?' या संदेशात ओळीचा क्रमांक आहे, चूक काय ते आहे, आणि प्रश्नाने दुरुस्तीही सुचते. नुसते 'पोपट झाला' लिहिणारे यंत्र पहिल्यांदा हसवते आणि तिसऱ्यांदा चिडवते. 'चाललंय' हे रूप इथेही लिंगनिरपेक्ष आहे. 'बोलतोयस' लिहिले असते तर निम्म्या वाचकांना ते लागू पडले नसते.

अशी भाषा घडवण्याला मोठी साधने लागत नाहीत. व्याकरण एका पानात मावते, आणि त्यावर चालणारा इंटरप्रिटर काहीशे ओळींत होतो. मुंबई उपनगरातल्या महाविद्यालयांत मराठीचा विभाग आणि संगणकाचा विभाग अनेक ठिकाणी एकाच आवारात आहेत. मराठीच्या विद्यार्थ्याने सामान्यरूपे आणि संबोधने पाहावीत, संगणकाच्या विद्यार्थ्याने लेक्सर आणि पार्सर लिहावा, आणि दोघांनी मिळून एका सत्राचा प्रकल्प म्हणून ही भाषा पूर्ण करावी. विभागप्रमुखांनी त्याला मान्यता द्यावी.